थर आधी, टक्का नंतर: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधली बीसीएल-२, सर्व्हायव्हिन आणि पी५३

पॅथॉलॉजीच्या एमडीचा थीसिस ठरवायची वेळ आली की गर्भाशयमुखाच्या बायोप्सी आणि पेशीमरण आवरणारी प्रथिनं ही जोडी हमखास पुढे येते. नागपुरात साहित्याची वानवा नाही. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मानेवाडा रोडवरचं तुकडोजी महाराज कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याची एनसीआय (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट), मिहानचं एम्स या सगळीकडे विदर्भातून आणि पार छिंदवाडा, सिवनी, बालाघाटकडून पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बाया येतात. विषय चांगलाच आहे. पण बऱ्याच प्रबंधांत शेवटी ‘सीआयएन १ मध्ये इतके टक्के पॉझिटिव्ह, सीआयएन ३ मध्ये इतके टक्के’ एवढा तक्ता उरतो आणि त्यावरून कुणाला काही ठरवता येत नाही. (सीआयएन म्हणजे गर्भाशयमुखाच्या अस्तरातले कॅन्सरपूर्व बदल, १ ही सौम्य पायरी आणि ३ ही तीव्र.) माझं म्हणणं असं आहे की या प्रथिनांची खरी माहिती टक्क्यात नसते. अँटीबॉडीने प्रथिनावर उमटवलेला रंग एपिथेलियमच्या, म्हणजे अस्तराच्या, कोणत्या थरात बसलाय, यात ती असते. आणि तो थर नीट दिसेल की नाही, हे बरंचसं बायोप्सी घेतल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच ठरून जातं.

आधी विषाणूचं काम समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गर्भाशयमुखाच्या साधारण ७० टक्के कॅन्सरमागे एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूचे १६ आणि १८ हे दोन प्रकार असतात. हा संबंध उलगडल्याबद्दल हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. विषाणूचं ई७ हे प्रथिन पेशीतल्या आरबी प्रथिनाला निकामी करतं. आरबीने धरून ठेवलेलं ई२एफ मोकळं होतं आणि ज्या पेशीने विभाजन थांबवायला हवं होतं ती पुन्हा विभागू लागते. पण निरोगी पेशीत अशा अवेळी विभाजनावर पहारा असतो. ई२एफ मोकाट झालं की पी१४-एआरएफ वाढतं, ते पी५३ला संपवणाऱ्या एमडीएम२ला अडवतं, पी५३ टिकून राहतं आणि पेशीला मरणाच्या वाटेला लावतं. म्हणजे विषाणूकडे नुसतं ई७ असतं तर ज्या पेशीत तो राहतो तीच मेली असती. म्हणून ई६ लागतं. ई६ हे ई६-एपी नावाच्या एन्झाइमला हाताशी धरून पी५३वर युबिक्विटिनचा शिक्का मारतं आणि प्रोटिअझोमकडून, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणेकडून, त्याचा फडशा पाडून घेतं. शिवाय ते बॅक हे मारक प्रथिनही नष्ट करतं, आणि एफएडीडी व प्रोकॅस्पेज-८ यांना चिकटून फॅस रिसेप्टरकडून येणारा बाहेरचा मृत्युसंदेशही अडवतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. एचपीव्हीच्या कॅन्सरमध्ये पी५३चं जनुक बहुधा शाबूत असतं, प्रथिन तेवढं टिकू दिलं जात नाही. हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशींमध्येही हेच आहे. त्यांत एचपीव्ही १८ आहे आणि पी५३चं जनुक धड आहे. ई६ बंद पाडलं की त्याच पेशींत पी५३ परत दिसू लागतं. उलट सी३३ए या गर्भाशयमुखाच्याच पेशींत एचपीव्ही नाही, पण पी५३ बदललेलं आहे. रस्ते दोन, पोचायचं ठिकाण एकच.

आता स्लाइड. निरोगी गर्भाशयमुखाच्या स्क्वॅमस (चपट्या पेशींच्या) अस्तरात बीसीएल-२ हे पेशीला मरणापासून वाचवणारं प्रथिन फक्त सर्वांत खालच्या, बेसल थरात दिसतं. पेशी वर सरकली की ते जातं. ग्रंथींच्या अस्तराखालच्या रिझर्व्ह पेशींतही ते असतं. सीआयएनची पायरी वाढत जाते तसा हा तपकिरी पट्टा वर चढत जातो आणि सीआयएन ३ मध्ये पुष्कळदा वरच्या तिसऱ्या भागापर्यंत पोचतो. आता दोन स्लाइड शेजारी ठेवून बघा. एकीत ३० टक्के पेशी रंगल्यात, पण सगळ्या तळाच्या दोन-तीन ओळींत. दुसरीतही ३० टक्केच रंगल्यात, पण त्या मधल्या आणि वरच्या थरांत विखुरलेल्या. तक्त्यात दोघींचा आकडा एकच येईल. रोग मात्र एकसारखा नाही. म्हणून प्रपत्रात ‘खालचा तिसरा भाग, मधला तिसरा भाग, वरचा तिसरा भाग’ असे तीन रकाने आधी करा आणि प्रत्येकात तीव्रता वेगळी लिहा. एकूण टक्का हवाच असेल तर शेवटी काढा.

हा थर वाचताना सर्वांत मोठा घोटाळा तिरप्या कापणीने होतो. पंच बायोप्सीचा तुकडा २-३ मिलिमीटरचा असतो. एम्बेडिंग करताना, म्हणजे मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवताना, तो आडवा पडला तर चाकू बेसल थराला समांतर जातो आणि पूर्ण जाडीभर बेसल पेशीच दिसतात. मग निरोगी अस्तरही सीआयएन ३ सारखं आणि बीसीएल-२ ‘पूर्ण जाडीत पॉझिटिव्ह’ असं वाटतं. अशा सेक्शनमध्ये (पातळ कापात) स्ट्रोमाच्या, म्हणजे अस्तराखालच्या आधार देणाऱ्या ऊतीच्या, बोटांसारख्या कळ्या अस्तराच्या मधोमध गोल बेटं होऊन दिसतात, ती दिसली की समजायचं. त्या भागाचं मोजमाप करू नका. ब्लॉक वितळवून तुकडा काठावर उभा करून पुन्हा बसवा. अपक्व मेटाप्लाझिया (एका प्रकारच्या अस्तराचं दुसऱ्यात होत असलेलं, अजून अर्धवट रूपांतर) आणि रजोनिवृत्तीनंतरचं झिजलेलं अस्तर हे आणखी दोन फसवे. दोन्हींत वरपर्यंत लहान, गडद पेशी असतात आणि बीसीएल-२ त्यांतही वर चढलेलं असू शकतं. इथे पी१६ (याबद्दल पुढे) लावलं की वाद मिटतो. या दोन्हींत ते ब्लॉकसारखं भरून येत नाही.

बॅक्स या पेशीला मारणाऱ्या प्रथिनाबद्दल माझा आग्रह आहे की ‘बॅक्स-बीसीएल-२ गुणोत्तर’ जपून वापरावं. पुस्तकात मारणारी प्रथिनं एका पारड्यात आणि वाचवणारी दुसऱ्यात असा तराजू काढलेला असतो, आणि मग वाटतं की दोन स्कोअर भागले की झालं. पण नेहमीची बॅक्स अँटीबॉडी पेशीतलं सगळं बॅक्स दाखवते. त्यातलं बरंचसं सायटोप्लाझममध्ये निवांत बसलेलं असतं. ते काम करतं तेव्हा आकार बदलून मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणात शिरतं, मग सायटोक्रोम सी बाहेर पडतं, ॲपाफ-१ आणि कॅस्पेज-९ एकत्र येतात आणि कॅस्पेज-३ कामाला लागतं. कामाला लागलेलं बॅक्स ओळखायला ६ए७सारखा अँटीबॉडीचा खास क्लोन (वाण) लागतो. साध्या स्लाइडवर ‘बॅक्स पॉझिटिव्ह’ म्हणजे पेशी मरतेय असं नव्हे.

पेशी खरंच मरतेय का, ते बघायचं तर तुटलेलं कॅस्पेज-३ किंवा कॅस्पेजने तोडलेलं सायटोकेराटिन १८ शोधणाऱ्या एम३० अँटीबॉडीकडे जावं लागतं. इथेच रेसिडेंट गोंधळतात. सीआयएनची पायरी वाढते तशी मरणाऱ्या पेशींची संख्यासुद्धा वाढते! रोखणारी प्रथिनं वाढली तर मरण कमी व्हायला हवं ना? पण विभाजन इतकं वाढलेलं असतं की मरणं आणि जन्मणं दोन्ही वाढतं. जन्म मरणापेक्षा थोडा पुढे राहतो आणि त्या फरकावर गाठ वाढते. ग्रंथींच्या इन-सिटू ॲडेनोकार्सिनोमात तर आकसलेले, गडद ॲपोप्टोटिक तुकडे ही निदानाची खूणच मानतात. त्यामुळे ॲपोप्टोसिस, म्हणजे पेशीचं हे ठरवून होणारं मरण, एकटा मोजू नका. त्याच ब्लॉकच्या लागून कापलेल्या सेक्शनवर केआय-६७ (विभागणाऱ्या पेशींत दिसणारं प्रथिन) मोजा आणि दोन्ही एकत्र मांडा. ट्युनेल (मरणाऱ्या पेशींतला तुटलेला डीएनए उजळवणारी चाचणी) वापरणार असाल तर आणखी सांभाळा: फिक्सेशनला उशीर झालेला तुकडा, नेक्रोसिस आणि जास्त झालेलं प्रोटिनेज के, तिन्ही खोटा उजेड देतात. अस्तराच्या अगदी वरच्या, गळून पडायला आलेल्या पेशीही ट्युनेलमध्ये उजळू शकतात. ती त्यांची नेहमीची परिपक्वता आहे, तिला रोगात धरू नये.

सर्व्हायव्हिन या मरण रोखणाऱ्या प्रथिनावर लिहिलेलं खूप सापडतं. हे १४२ अमिनो ॲसिडांचं छोटं प्रथिन विभाजनाच्या शेवटच्या टप्प्यात वाढतं, कारण गुणसूत्रं नीट वाटली जाण्याच्या कामात त्याचा हात असतो. पी५३ त्याच्या जनुकाला दाबून ठेवतं, त्यामुळे ई६ने पी५३ संपवलं की सर्व्हायव्हिन वर येतं. हे जुळतं खरं, पण सर्व्हायव्हिन वाढलं ते मरण टाळायला की नुसतंच विभाजन वाढलं म्हणून, हे स्लाइडवरून सांगता येत नाही. केआय-६७शी तुलना न करता सर्व्हायव्हिनला ‘स्वतंत्र मार्कर’ म्हणणं मला पटत नाही. शिवाय रंग केंद्रकात मोजायचा की सायटोप्लाझममध्ये, हे अँटीबॉडीनुसार बदलतं. क्लोनचं नाव न देता छापलेले आकडे एकमेकांशी ताडून बघूच नयेत.

पी५३ या रोगात फार उघडं दिसत नाही, कारण ते टिकत नाही. एचपीव्हीच्या जखमेत बेसल थर जवळपास कोरा आणि मधल्या थरांत विखुरलेला रंग असा नमुना दिसतो. स्तनाच्या किंवा बीजकोशाच्या सवयीने ‘१० टक्के पॉझिटिव्ह’ लिहिणं इथे दिशाभूल करतं. मात्र कॅन्सरच्या सगळ्या केंद्रकांत गडद एकसारखं पी५३, किंवा पूर्ण शून्य, आणि सोबत पी१६ निगेटिव्ह असेल तर थांबा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या वर्गीकरणाने एचपीव्हीशी संबंध नसलेले गर्भाशयमुखाचे कॅन्सर वेगळे केलेत. ते कमी असतात, पण एचपीव्ही चाचणीत निसटू शकतात आणि वागणुकीलाही वाईट असतात.

रोजच्या रिपोर्टात निर्णय देणारं प्रथिन पी१६ आहे, जरी ते पेशीमरणाचं नसून पेशीचक्राचं आहे. ई७ने आरबी पाडलं की ते आपोआप वाढतं. बेसल थरापासून सलग, गडद, केंद्रकासकट आणि किमान खालचा तिसरा भाग भरेपर्यंत चढलेला रंग म्हणजे ब्लॉक पॉझिटिव्ह, असं २०१२च्या ‘लास्ट’ (लोअर एनोजेनायटल स्क्वॅमस टर्मिनॉलॉजी) शिफारशींनी ठरवून दिलंय. ते लावायचं सीआयएन २ बद्दल शंका असेल तेव्हा, किंवा वर सांगितलेल्या फसव्या अस्तरांपासून फरक करायला. हेमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या नेहमीच्या रंगवणीवर स्पष्ट सीआयएन १ दिसत असेल तिथे पी१६ लावू नका. त्यातही ते पॉझिटिव्ह येऊ शकतं आणि मग विनाकारण बाईचा गर्भाशयमुखाचा भाग कापला जातो.

बीसीएल-२चं मात्र एक पक्कं काम आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. एंडोसर्व्हिक्समध्ये (गर्भाशयमुखाच्या आतल्या, ग्रंथींच्या अस्तरात) निरुपद्रवी ट्यूबल किंवा ट्यूबो-एंडोमेट्रिऑइड मेटाप्लाझिया आणि इन-सिटू ॲडेनोकार्सिनोमा (ग्रंथींतला, अजून जागीच असलेला कॅन्सर) यांत गल्लत होते. ट्यूबल मेटाप्लाझियात बीसीएल-२ सगळीकडे ठळक, पी१६ तुटक आणि केआय-६७ कमी. इन-सिटू ॲडेनोकार्सिनोमात नेमकं उलटं: पी१६ सलग, केआय-६७ भरपूर आणि बीसीएल-२ नाही किंवा तुरळक. तीन स्लाइड, आणि एका तरुण बाईची पिशवी वाचू शकते.

आता ब्लॉक बिघडतो कुठे, ते बघू. नागपूरचा मे महिना, पारा ४५च्या आसपास, आणि धारणी किंवा भामरागडच्या शिबिरातून आलेली बाटली. तुकडा सलाईनमध्ये किंवा नुसत्या ओल्या गॉजमध्ये असेल तर वाटेतच तो कुजायला लागतो. शिबिराला जाणाऱ्या टीमला रुंद तोंडाच्या, आधीच १० टक्के बफर फॉर्मलिन भरलेल्या बाटल्या द्या. तुकड्याच्या आकारमानाच्या किमान १० पट द्रव हवा. बफर फॉर्मलिन असं करतात: बाजारातलं ४० टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच ७च्या जवळ. हे फॉस्फेटचे क्षार न घालता नळाच्या पाण्यात केलेलं फॉर्मलिन हळूहळू आम्ल होतं आणि रक्ताळलेल्या तुकड्यात तपकिरी-काळे कण सोडतं. ते कण डॅबच्या, म्हणजे अँटीबॉडीची जागा दाखवणाऱ्या तपकिरी रसायनाच्या, रंगासारखेच दिसतात. शंका आली तर त्याच ब्लॉकची न रंगवलेली स्लाइड बघा, कण तिथेही असतील. छोट्या बायोप्सीला ६ ते २४ तासांचं फिक्सेशन पुरतं. एसटीने फिरत आठवडाभर फॉर्मलिनमध्ये राहिलेला तुकडा वाया जात नाही, पण त्यात अँटीजेन (अँटीबॉडी जिथे चिकटते तो प्रथिनाचा भाग) उघडायला जास्त वेळ लागतो, म्हणून बाटलीवर बायोप्सीची तारीख आणि वेळ दोन्ही लिहायला लावा.

सेक्शन ३ ते ४ मायक्रॉनची, चार्ज केलेल्या स्लाइडवर, ६० अंशांवर एक तास. कापून ठेवलेल्या स्लाइड उन्हाळ्यात टेबलावर पडू देऊ नका, ४ अंशांवर ठेवा आणि काही आठवड्यांत वापरा, नाहीतर केंद्रकातले अँटीजेन फिके पडतात. बीसीएल-२च्या क्लोन १२४साठी अँटीजेन उघडायला पीएच ९ च्या ट्रिस-ईडीटीएमध्ये ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटं, मग त्याच द्रवात २० मिनिटं थंड होऊ देणं, असं चांगलं जमतं. गरम भांड्यातून थेट थंड पाण्यात घातलं तर सेक्शन सुटते. मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं. अँटीबॉडीचं प्रमाण बाटलीवरच्या कागदावरून उचलू नका, टॉन्सिलच्या तुकड्यावर तीन-चार वेगवेगळी प्रमाणं लावून ठरवा. टॉन्सिलमधल्या लिम्फोसाइटच्या गोलांत बाहेरचा मँटल भाग गडद आणि मधलं जर्मिनल सेंटर जवळपास कोरं दिसलं पाहिजे. जर्मिनल सेंटर तपकिरी झालं तर प्रमाण जास्त आहे. पेशंटच्या स्लाइडवरही स्ट्रोमातले लिम्फोसाइट हा घरचाच साक्षीदार आहे. ते रंगले नसतील तर त्या स्लाइडचा ‘निगेटिव्ह’ निकाल मानायचा नाही.

कूलर आणि पंखा यांचाही त्रास होतो. अँटीबॉडीचे १०० मायक्रोलिटर उघड्या ट्रेवर अर्ध्या तासात कडेने वाळतात आणि तुकड्याच्या काठावर गडद पट्टी उमटते. बायोप्सीचा तुकडा इतका लहान की तो काठच सगळा! ओल्या टिश्यूचा झाकणबंद डबा वापरा आणि पंखा बंद ठेवा. डॅब हाताळताना हातमोजे हवेतच, ते कर्करोगकारक मानलं जातं.

अभ्यासाच्या रचनेबद्दल थोडंच, पण महत्त्वाचं. मोजायच्या आधी कट-ऑफ, म्हणजे किती टक्क्यांपासून पॉझिटिव्ह म्हणायचं ते, लिहून ठेवा. आकडे आल्यावर ५, १० की ३० टक्के ते ठरवलं तर काहीही सिद्ध करता येतं. दोघांनी एकमेकांचं न बघता आणि निदान न बघता वाचायचं, कॅपा (दोघांचं वाचन किती जुळतं त्याचा आकडा) काढायचा. निरोगी नमुने फायब्रॉइड किंवा प्रोलॅप्ससाठी काढलेल्या पिशव्यांतून मिळतात, पण त्या बायांचं वय सीआयएनच्या बायांपेक्षा जास्त असू शकतं. इस्ट्रोजेनने बीसीएल-२ बदलतं, म्हणून वय आणि शेवटच्या पाळीची तारीख नोंदवल्याशिवाय तुलना लंगडी. पी५३च्या जनुकातल्या कोडॉन ७२ या जागेचं उदाहरण समोर ठेवा. त्या जागी आर्जिनिन असलेल्या बायांना धोका खूप जास्त असल्याचं १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं, जगभर लोक त्यामागे लागले, आणि २००९च्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात तो परिणाम टिकला नाही.

खरा अनुत्तरित प्रश्न सीआयएन २ चा आहे. त्यातल्या सुमारे निम्म्या जखमा दोन वर्षांत आपसूक मागे जातात. सीआयएन ३ तसंच ठेवलं तर ३० वर्षांत सुमारे ३० टक्के बायांना कॅन्सर होतो. कोणती सीआयएन २ मागे जाणार, हे आज सांगता आलं तर शेकडो तरुण बायांचं ऑपरेशन टळेल. त्यामुळे एका दिवसाच्या १०० ब्लॉकचा तक्ता करण्यापेक्षा लक्ष ठेवलेल्या, न कापलेल्या ३० सीआयएन २च्या पहिल्या बायोप्सीवर बीसीएल-२चा थर, तुटलेलं कॅस्पेज-३ आणि केआय-६७ बघणं कितीतरी मोलाचं. एवढ्या नमुन्यांतून निष्कर्ष निघणार नाही, पण पुढच्याला जोडता येईल अशी माहिती उरेल.

कॅन्सर झाल्यावरही हेच. आठवड्याला ४० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर सिस्प्लॅटिन आणि रेडिएशन, दोन्ही पेशीला मरायला भाग पाडतात, त्यामुळे बीसीएल-२ जास्त असेल तर उपचार कमी लागू पडेल असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात निकाल दोन्हीकडे गेलेत. काही मालिकांत बीसीएल-२ पॉझिटिव्ह बाया जास्त जगल्या. उपचार ठरतो तो फिगो स्टेजवर (कॅन्सर किती पसरलाय त्याच्या पायरीवर), लसिकागाठींवर, मूत्रपिंडांच्या स्थितीवर. रिपोर्टात बीसीएल-२ पॉझिटिव्ह वाचून कुणी घाबरू नये आणि कुणी डोसही बदलू नये.

जीव वाचतात ते त्याच्याही आधी. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांवर झालेल्या चाचणीत आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. ते २००९ मध्ये छापून आलं. प्रथिनांची जागा त्या तपासणीच्या पुढच्या पायरीवर आहे, म्हणजे एचपीव्ही पॉझिटिव्ह बायांपैकी कॉल्पोस्कोपीला (गर्भाशयमुख भिंगातून मोठं करून तपासायला) आधी कुणाला बोलवायचं ते ठरवायला. तिथे आज पी१६ आणि केआय-६७ची दुहेरी रंगवणी टिकून आहे. एकाच पेशीत दोन्ही रंग सापडले की पुरे, पेशीचा आकार बघायचीही गरज नाही.

थीसिससाठी बीसीएल-२ लावलंच असेल आणि स्त्रीरोगतज्ज्ञ रिपोर्टात ते मागत असतील तर मी शेरा असा लिहायला सांगेन: ‘उच्च श्रेणीची स्क्वॅमस जखम, सीआयएन ३. पी१६ ब्लॉक पॉझिटिव्ह. बीसीएल-२ (क्लोन १२४) खालच्या आणि मधल्या तिसऱ्या भागांत, दोन्हींत मध्यम तीव्रता. स्ट्रोमातले लिम्फोसाइट पॉझिटिव्ह. बीसीएल-२चा निकाल संशोधनासाठी आहे, उपचाराचा निर्णय सीआयएन ३ या निदानावर घ्यावा.’ आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडून मागणीच्या फॉर्मवर पाच गोष्टी घ्या: वय, शेवटची पाळी, एचपीव्ही निकाल, कॉल्पोस्कोपीत बायोप्सी घड्याळाच्या कितीच्या जागेवरून घेतली, आणि बाटलीत तुकडा टाकल्याची वेळ.